लांबलेला विमानप्रवास आणि ज्येष्ठांचे पाय : खुर्चीच्या चाचणीत नसलेले प्रवासी

२४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही तेच केले. त्यानंतर बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत असाच प्रकार झाला होता, पण तो साडेचार महिन्यांत निवळला. या वेळी वळसा लांबला. मुंबईला अरबी समुद्र हाताशी असल्यामुळे तिथल्या उड्डाणांना फटका तुलनेने कमी बसला. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना तो चांगलाच जाणवला. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून तर दिल्ली-वॉशिंग्टन ही सेवाच थांबवण्यात आली. जुनी विमाने दुरुस्तीसाठी काढणे आणि हवाई हद्द बंद असणे, अशी दोन कारणे कंपनीने त्यासाठी दिली.

या घडामोडींची चर्चा झाली ती इंधनाचा खर्च, तिकिटांचे दर आणि कंपन्यांचा तोटा यांच्या अंगाने. दवाखान्यात तिचे रूप वेगळे असते. "डॉक्टर, मुलाकडे जाऊन आलो तेव्हापासून पायाची सूज उतरत नाही," किंवा "विमानात बसून कंबर धरली ती धरलीच," असे सांगणारे आजी-आजोबा आता नवे राहिलेले नाहीत. अमेरिकेतल्या लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या मुंजीला किंवा नुसतेच सहा महिने राहायला जाणारी ही मंडळी साठी-सत्तरीतली असतात. मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे यांपैकी काहीतरी सोबत असतेच. ज्या १५-१६ तासांच्या प्रवासाला तरुणही कंटाळतात, तो ही माणसे मधल्या खुर्चीत, कुणाला उठवायचे नाही म्हणून तसाच काढतात.

इंधनासाठी विमान उतरले की आपल्याला वाटते, चला, पाय मोकळे होतील. पण अशा तांत्रिक थांब्यात प्रवाशांना बहुधा खाली उतरू देत नाहीत. म्हणजे बसण्याचे तास कमी होत नाहीत, उलट तास-दीड तास वाढतो. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास कायद्याने मोजले जातात, ते योग्यच आहे. प्रवाशाच्या बसण्याचे तास मात्र कुणीच मोजत नाही.

खुर्चीची परीक्षा कुणी दिली?

विमानातली खुर्ची किती लहान चालेल, हा प्रश्न अमेरिकेत कायद्यापर्यंत गेला. तिथल्या संसदेने २०१८ मध्ये विमान वाहतूक नियामकाला, म्हणजे एफएएला, खुर्चीची किमान मापे ठरवायला सांगितले. एफएएने २०१९ च्या अखेरीपासून जानेवारी २०२० पर्यंत ओक्लाहोमा सिटीत ७२० स्वयंसेवकांना घेऊन चाचण्या केल्या. आपल्या खुर्चीच्या एका बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर २८ इंच ठेवले, तर आणीबाणीत माणसे बाहेर पडू शकतात का, हे त्यात पाहायचे होते. लांब पल्ल्याच्या विमानात हे अंतर साधारण ३१-३२ इंच असते. निष्कर्ष असा आला की जवळजवळ सर्व अमेरिकी प्रौढांना २८ इंचांतून बाहेर पडायला अडचण येऊ नये.

पण ते ७२० जण कोण होते? १८ ते ६० वयाचे, धडधाकट लोक. मुले नाहीत, म्हातारी माणसे नाहीत, अपंग नाहीत. ही मर्यादा नियामकाने स्वतःही मान्य केली. २०२२ मध्ये लोकांकडून अभिप्राय मागवले तेव्हा २६,००० हून अधिक आले. मात्र विचारलेला प्रश्न सुरक्षिततेपुरता होता आणि प्रवाशाची सोय-गैरसोय हा विषय नाही, हे आधीच सांगून टाकले होते. प्रवाशांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२३ मध्ये तिथेही तिच्या बाजूने निकाल लागला नाही.

माझा आक्षेप 'सोय' या शब्दाला आहे. सोळा तास न हलता बसल्याने जे होते ते सगळे गैरसोयीच्या खात्यात टाकले की त्यातला वैद्यकीय भाग दिसेनासा होतो. शिवाय नुसते पुढचे-मागचे अंतर पाहून भागत नाही, रुंदीही आहे. बोइंग ७८७ हे विमान आले तेव्हा एका रांगेत आठ खुर्च्यांची कल्पना होती. आज जवळजवळ सगळ्या कंपन्या नऊ बसवतात आणि खुर्चीची रुंदी १७ इंचांच्या आसपास येते. बोइंग ७७७ मध्ये नऊच्या दहा झाल्या. खांदे आखडून, कोपर पोटाशी घेऊन बसलेला माणूस शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून हलायचे टाळतो, आणि त्रासाचे मूळ नेमके तिथे आहे.

बसल्या जागी शरीरात काय होते

पायातले अशुद्ध रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालणे थांबले की हा पंप थांबतो. रक्त पायात साचते, त्यातला द्रव आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतो आणि संध्याकाळी चपलेत पाय शिरत नाही. दोन्ही पावलांना सारखी आलेली, न दुखणारी आणि एक-दोन दिवसांत उतरणारी अशी सूज बहुतेकांना येते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

बुडाखालच्या हाडांच्या दोन टोकांवर शरीराचा मोठा भार येतो. घरी आपण नकळत दर काही मिनिटांनी कूस बदलतो, अंग हलवतो. अरुंद खुर्चीत ते होत नाही, म्हणून बूड बधिर होते. पाठीचा कणा पुढे वाकून इंग्रजी 'सी' अक्षरासारखा झाला की कमरेच्या अस्थिबंधांवर सतत ताण राहतो. कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेली शाल किंवा पातळ उशी ठेवली तर बराच फरक पडतो. त्यासाठी महागडी मानेची उशी घ्यायलाच हवी असे नाही. विमानतळावर तिची विक्री जोरात असते, पण तक्रारी मानेपेक्षा कमरेच्या जास्त ऐकू येतात.

पोट फुगण्याचे कारणही सरळ आहे. आतील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसून साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. त्या दाबाला आतड्यातला वायू सुमारे एक तृतीयांशापर्यंत प्रसरण पावतो. घट्ट आवळलेली परकराची नाडी किंवा जीन्सचा पट्टा त्यात भर घालतो. कपडे सैल ठेवा, सोड्याची पेये टाळा, एवढे पुरे.

गुठळीचा प्रश्न

गंभीर भाग इथे सुरू होतो. पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे म्हणजे डीप व्हेन थ्रॉम्बॉसिस, थोडक्यात डीव्हीटी. ती गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली तर पल्मोनरी एम्बोलिझम होतो आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

याचा विमानाशी संबंध असल्याची नोंद १९५४ पासून आहे. १९७७ मध्ये 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव पडले आणि ते चिकटले. पण बसण्याचा आणि गुठळीचा संबंध त्याही आधी दिसला होता, तोही जमिनीखाली. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र-रात्र आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून झोपत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अचानक वाढल्याचे कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आले. त्या खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागून शिरा दाबत होती. उपाय म्हणून झोपण्यासाठी फळ्यांचे मजले बसवले गेले.

म्हणून 'इकॉनॉमी क्लास' हे नाव दिशाभूल करणारे आहे. पुढच्या महागड्या वर्गात बसूनही न हलणाऱ्याला गुठळी होते. मोटार, बस, रेल्वेतून चार तासांपेक्षा जास्त बसल्यानेही धोका तसाच वाढतो. नागपूरहून किंवा कोल्हापूरहून रात्रभर बसने मुंबईला येऊन, तीन-चार तास विमानतळावर खुर्चीत काढून, मग सोळा तासांचे उड्डाण करणाऱ्याने बसण्याचे तास घरापासून मोजावेत.

तरीही बसणे हे एकमेव कारण नाही, असे एका सुंदर प्रयोगातून दिसते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ७१ जणांना एकदा आठ तासांच्या विमानप्रवासाला नेले, एकदा आठ तास सलग चित्रपट दाखवत बसवले आणि एकदा नेहमीची कामे करू दिली. रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू झाल्याच्या खुणा विमानप्रवासानंतर काही जणांत वाढलेल्या दिसल्या, चित्रपटानंतर तशा नाही. ज्यांना गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती होती आणि ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या, त्यांच्यात हे जास्त होते. विमानातला कमी प्राणवायू त्याला जबाबदार असेल का? दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी लोकांना नुसत्या कमी दाबाच्या खोलीत बसवले तेव्हा असा परिणाम आढळला नाही. तेव्हा प्रवृत्ती आधीपासून असलेल्या शरीराला विमान थोडे पुढे ढकलते, असे सध्या म्हणता येते.

धोका किती मोठा? २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा लांब प्रवासानंतर तो साधारण दुप्पट होतो. पण दुप्पट होऊनही निरोगी माणसांत तो सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक इतकाच असतो. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर १९९३ ते २००० या काळात उतरताच फुप्फुसात गुठळी सापडलेल्या प्रवाशांची मोजणी झाली. ५,००० किलोमीटरच्या आत असे रुग्ण जवळजवळ नव्हतेच. त्याहून लांबच्या प्रवासात दहा लाखांमागे दीड, आणि १०,००० किलोमीटरच्या पुढे दहा लाखांमागे ४.८. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर १२,००० किलोमीटरहून अधिक आहे. आकडा छोटाच, पण अंतराबरोबर चढत जाणारा. वळसा घातल्याने वाढलेले तास या चढावर आणखी थोडे वर नेतात.

'६,००० मध्ये एक' हा आकडाही कुणाचा आहे ते पाहायला हवे. तो कामाच्या वयातल्या, धडधाकट नोकरदारांचा आहे. खुर्चीच्या चाचणीतही तेच, धोक्याच्या अभ्यासातही तेच. वयाबरोबर गुठळीचा धोका अनेक पटींनी वाढतो हे निर्विवाद आहे, आणि ७२ वर्षांच्या, गुडघे बदललेल्या आजी दोन्हींत कुठेच नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार लागू पडते. खुर्चीवरून भांडतात ते उंच लोक, गुडघे पुढे टेकतात म्हणून. युरोपातल्या अभ्यासात १९० सेंटिमीटरहून उंच माणसांना धोका जास्त दिसला, हे अपेक्षितच होते. पण विमानप्रवासापुरता तो १६० सेंटिमीटरहून बुटक्या लोकांतही वाढलेला आढळला. १६० सेंटिमीटर म्हणजे सव्वापाच फूट. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या बहुसंख्य आया आणि आज्या या गटात येतात. त्यांचे पाय खाली टेकत नाहीत, लोंबकळतात, आणि खुर्चीची कड गुडघ्यामागच्या शिरेवर दाब देत राहते. लंडनच्या आरामखुर्चीसारखेच. यावरचा उपाय फुकट आहे. हातातली पिशवी किंवा छोटी बॅग पायांखाली घ्यावी, म्हणजे गुडघे नितंबांच्या पातळीवर येतात आणि कड टोचत नाही. विमान चढताना-उतरताना मात्र ती पुढच्या खुर्चीखाली सारावी लागते.

काय खरे उपयोगी, काय नाही

जागा निवडता येत असेल तर कडेची, चालायच्या मार्गालगतची घ्यावी. खिडकीजवळच्या प्रवाशांत गुठळीचा धोका जास्त दिसला आहे, कारण ते उठतच नाहीत. मुलांनी तिकीट काढताना आईवडिलांना "खिडकी मिळाली" म्हणून खूश करण्याऐवजी दोघांना मार्गाच्या दोन बाजूंच्या कडेच्या जागा द्याव्यात. दर तास-दोन तासांनी स्वच्छतागृहापर्यंत चक्कर मारावी. मध्ये बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे उचलणे, मग चवडे टेकवून टाचा उचलणे, असे वीस-तीस वेळा करावे. खुर्चीवर मांडी घालून बसायची आपल्याकडच्या अनेकांना सवय असते. पाच मिनिटे बदल म्हणून ठीक, पण तसेच झोपून जाऊ नये.

व्हीलचेअरबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. ज्यांना चालता येत नाही त्यांचा तो हक्कच आहे. पण चालता येणारे अनेक ज्येष्ठ इंग्रजीची भीती, लांब रांगा आणि विमान बदलताना हरवण्याची धास्ती म्हणून ती मागतात. मदत मिळते, पण सगळ्या प्रवासात पोटऱ्यांना मिळणारी एकमेव चाल जाते. मदतनीस सोबत असू द्यावा, आणि झेपेल तेवढे अंतर खुर्चीतून उतरून चालावे. याच कारणाने मध्ये विमान बदलावे लागणारा प्रवास चालणाऱ्यासाठी एका दमात होणाऱ्या प्रवासापेक्षा बरा ठरू शकतो. मात्र थोड्या दिवसांत लागोपाठ अनेक उड्डाणे केली तर धोका वाढतो. म्हणून पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी नायगारा दाखवायला नेण्याची घाई करू नये.

पाण्याने रक्त पातळ होते आणि गुठळी टळते, याला ठोस पुरावा नाही. तरी पाणी प्यावे, कारण विमानातली हवा फार कोरडी असते, आणि पाणी प्यायले की उठावे लागते. पुष्कळ बायका नेमके याच कारणाने पाणी पीत नाहीत. लघवी तुंबवून, न हलता बसणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच स्थितीत पडून राहणेही तसेच.

ॲस्पिरिनचा प्रश्न हमखास येतो. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून इकोस्प्रिनची पट्टी घेऊन निघणारे भेटतात. केवळ प्रवासासाठी ॲस्पिरिन सुरू करू नये असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण या कामी फायदा दुबळा आणि पोटात रक्तस्राव होण्याची भीती खरी. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर ती बंदही करू नये.

दाब देणारे मोजे मात्र खरोखर उपयोगी आहेत. अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा २,६०० हून अधिक प्रवाशांपैकी ५० जणांत लक्षणे न दाखवणारी गुठळी सापडली. त्यांतले मोजे घातलेले फक्त तीन होते, न घातलेले ४७. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटर दाब देणारे मोजे औषधाच्या दुकानात मापाने मिळतात. माप सकाळी, सूज नसताना घ्यावे. वरच्या कडेला गोळा होऊन रुतणारे मोजे किंवा घरीच गुंडाळलेले क्रेप बँडेज चालणार नाही. मधुमेहाने पावले बधिर झाली असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर मोजे घेण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत.

सगळ्यांना मोज्यांची गरज नाही. पूर्वी गुठळी झालेली असणे, कर्करोग, अलीकडची मोठी शस्त्रक्रिया, विशेषतः गुडघा किंवा खुबा बदलणे, पायाला प्लास्टर, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, बराच लठ्ठपणा, यांपैकी काही असेल तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. काहींना रक्त गोठू न देणारे इंजेक्शन लागते, काहींना प्रवास पुढे ढकलावा लागतो. गुडघा बदलल्यावर "आता चालायला लागलोय" म्हणून दीड महिन्यात अमेरिकेचे विमान पकडणे शहाणपणाचे नाही.

पोहोचल्यावर काय पाहायचे, हेही घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम किंवा लालसर होणे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, चक्कर येऊन कोसळणे. ही लक्षणे विमानातच दिसतील असे नाही, प्रवासानंतर आठ आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतात. पोटरीचे दुखणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, चोळू नये, तेल लावून रगडू नये. दम किंवा छातीत दुखणे असेल तर थेट तातडीच्या विभागात जावे आणि लांबचा विमानप्रवास झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

परदेशी गेलेले आईवडील नेमके हेच सांगत नाहीत. तिथल्या दवाखान्याचे बिल किती येते हे त्यांनी ऐकलेले असते, मुलांवर भार नको म्हणून पोटरी दुखतेय ती "बसून आखडली असेल" म्हणत लपवली जाते. निघण्यापूर्वी प्रवासी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी काय मिळते ते वाचून घ्यावे, आजार लपवून विमा काढू नये, आणि विम्याचा कागद व संपर्क क्रमांक मुलांच्या फोनमध्ये ठेवावा. पहिला आठवडाभर रोज रात्री मुलाने किंवा सुनेने आईचे दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून बघावेत. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसली तर शिवणकामाची टेप घेऊन गुडघ्याखाली चार बोटांवर दोन्हींचा घेर मोजावा. तीन सेंटिमीटरचा फरक असेल, तर सकाळची वाट पाहू नये.